तापीपर्यंत पायी

मंगला,

माझी पहिली हरकत ‘सुटली’ या शब्दाला आहे.

तू गेल्यापासून आपल्या घरी माणसे येतात, चपला दाराबाहेर काढतात, सतरंजीवर बसतात, थोडा वेळ पंख्याकडे पाहतात आणि म्हणतात, “सुटली बिचारी.” पहिल्यांदा मी ऐकून घेतले. दुसऱ्यांदा विचारले, “कशातून?” समोरचे गृहस्थ गडबडले. “म्हणजे... त्रासातून हो.” मी म्हणालो, “त्रास होता, हे मान्य. पण सुटकेचा अर्ज तिने केला नव्हता. आपण कोणाच्या वतीने बोलत आहात?” तेव्हा हेमाने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेले. “पप्पा, लोक बेसणाला आलेत, उलटतपासणीला नाही.” बेसणे म्हणजे सांत्वनाची बैठक; सुरतेत वाढलेली तुझी मुलगी रागावली, की तिच्या तोंडी असे निम्मे गुजराती शब्द येतात. शेवटी तिने मला पाणी दिले आणि स्वतःच रडत बसली. मी बाहेर गेलो नाही.

दुसरी हरकत ‘बिचारी’ला. तू कधी बिचारी होतीस याचा एकही पुरावा माझ्याजवळ नाही, आणि तुझ्याविषयीचे पुरावे माझ्याइतके कोणाजवळही नाहीत.

कामगार न्यायालयात मी उभी हयात कारकुनी केली. तिथे एक गोष्ट अंगात मुरली. हरकत जागच्या जागी नोंदवावी लागते. नाही नोंदवली तर ती सोडून दिली असे धरतात. म्हणून हे लिहीत आहे. पत्रे मी पुष्कळांना लिहिली. पालिकेला, वीज कंपनीला, वर्तमानपत्रांना, रेल्वेला. त्यांतली निम्मी तू ओट्याशी उभी राहून ऐकलीस आणि त्यातला ‘निर्लज्ज’ हा शब्द प्रत्येक वेळी काढायला लावलास. आज काढायला लावणारे कोणी नाही. तरी मी तो वापरणार नाही.

आपल्यात जे वाद अनिर्णित राहिले, त्यांतला एक त्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा. तुझ्या शौचातून रक्त जात होते आणि त्यांनी तुला न तपासता मूळव्याध ठरवली. एक मलम दिले, मग दुसरे दिले, मग पथ्य सांगितले. बाईमाणूस संकोचते आणि तिच्या संकोचाच्या आडोशाला उभा राहून डॉक्टर आपले काम टाळतो, हा माझ्या मते अपराध आहे. मला ग्राहक न्यायालयात जायचे होते. मसुदा तयार होता. तू दारात उभी राहिलीस. “आयकतस का? आते माले भांडाले येळ नही शे.”

आयकतस का. ऐकता का. लग्नापासून तुझी मला हीच हाक. नावाने तू कधी बोलावले नाहीस, ‘अहो’ तुला शहरी वाटायचे. घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून ‘आयकतस का’ आले, की ते माझ्यासाठी. आणि माझे उत्तरही ठरलेले: कागदावरची नजर न काढता डावा हात वर. म्हणजे थांब, एवढे वाक्य पुरे होऊ दे. तू थांबायचीस. इतक्या वर्षांत त्या हातावर तू कधी हरकत घेतली नाहीस.

त्या दिवशीही हात वर होता. तुझे म्हणणे मात्र खरे होते. रोग मोठ्या आतड्याच्या शेवटी बसला होता आणि आपल्याजवळ वेळ नव्हता.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच सकाळी ती फिजिओथेरपीची मुलगी आली. घट्ट अंबाडा, हातात काही नाही. “चालो मासी, ऊभा थईए.” मी खुर्चीवरून उठलो. पोटाला एवढी मोठी चीर, नाकात नळी, हाताला बाटली, पोटावर मळ साठवायची ती नवी पिशवी. अशा बाईला उभे करायचे? “कोणाच्या लेखी आदेशाने?” ती म्हणाली, “काका, सर का ऑर्डर है. फाइल में लिखा है.” मी म्हणालो, “दाखवा.” तिने शांतपणे फाइल आणून माझ्या हातात दिली. मी चष्मा शोधला, पुसला, पाने उलटली. आदेश होता. खाली सही होती. मी मान वर केली तेव्हा खाट रिकामी होती. तू त्या मुलीच्या आणि नर्सच्या आधाराने दरवाजा ओलांडून पाण्याच्या कूलरपाशी पोचली होतीस. परत येऊन बसलीस तेव्हा ओठ पांढरे पडले होते, कपाळावरून घाम गळत होता. म्हणालीस, “व्हई गयं का वाचन?”

घरी सोडायच्या दिवशी तीच मुलगी पुन्हा आली. तोवर सगळ्यांनी तुला एकाच प्रकारचे प्रश्न विचारले होते. दुखते का? मळमळते का? पिशवी गळते का? तिने विचारले, “मासी, घेर जईने शुं करवुं छे?” घरी जाऊन काय करायचे आहे. मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले होते. माझ्याकडे पथ्याचा तक्ता होता. तू माझ्याआधी बोललीस. “कानबाईसंगे तापीवर जावानं शे. पायी.”

त्या मुलीला कानबाई ठाऊक नव्हती. कतारगाममधल्या आपल्या शेजाऱ्यांनाही मला दर श्रावणात समजावून सांगावे लागते, तसे तिलाही सांगितले. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी घरी येते. नारळाला डोळे, नथ, दागिने लावतात, साडी नेसवतात. त्या दिवशीचा रोट, म्हणजे पुरणपोळी, खीर, लाल भोपळ्याची भाजी, फक्त भाऊबंदांनी खायचा. सोमवारी बायका कानबाईला पाटावर बसवून डोक्यावर घेतात आणि गात, फुगड्या घालत नदीवर नेतात. वाटेत ती एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर जाते. घरातल्या प्रत्येक सुनेचा त्यात वाटा असतो. आपल्या गावची नदीही पुढे तापीलाच मिळते, म्हणून सुरतेत आलो तरी पाणी बदलले नाही, असे तू म्हणायचीस. मुलीने सगळे ऐकले आणि म्हणाली, “तो आज से चलना शुरू, मासी. वजन नहीं उठाना, बस.”

आणि तू चालू लागलीस. आधी पलंग ते स्वयंपाकघर. मग गॅलरी. मग सोसायटीचे फाटक. मग हिऱ्यांच्या कारखान्यांची ती गल्ली, जिथे दुपारच्या सुट्टीत कारागीर चहा पीत उभे असत आणि तुला वाट देत. मग भाजीबाजार. मग बाग. मी छत्री, पाण्याची बाटली आणि तुझ्या जादा पिशव्यांची थैली घेऊन डाव्या बाजूला. औषधाच्या प्रत्येक फेरीनंतर स्टीलच्या भांड्याला हात लागला, की तुझ्या बोटांना वीज लागल्यासारखे होई आणि तळपाय बधिर पडत. त्या दिवसांत तू माझे लोकरीचे मोजे घालून घरातल्या घरात चालायचीस, भिंतीला एक बोट टेकवून. त्या भिंतीवर एक पुसट रेघ उमटली आहे. हेमा रंगारी बोलावू म्हणते. मी मनाई केली आहे.

सगळे जग तुला एकच औषध सांगत होते. आराम. शेजारच्या बाई गॅलरीतून ओरडायच्या, “मंगलाबेन, आराम करो ने! हवे शुं दोडादोड?” आणि तू फाटकातून हात हलवून सांगायचीस, “आराम तो खाटलो करे, बेन!” हेमाच्या सासूबाई पर्वत पाटियाहून तुला पाहायला आल्या आणि बोलता बोलता तुझ्या पोटावरच्या पिशवीने आवाज केला. त्या बाई कपाच्या कानाकडे पाहत राहिल्या. तू म्हणालीस, “पाहुणी बोलली. तिला चहा नको म्हणते.” हेमा लाजेने लाल झाली. सासूबाई मात्र हसत सुटल्या आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा फोन करीत, तेव्हा आधी पाहुणीची चौकशी करीत.

डॉक्टर ‘जगण्याचा दर्जा’ असा शब्द वापरत. मला तो आवडत नसे. दर्जा मालाला असतो. साडीच्या ताग्याला असतो. घरी परतताना रिक्षात मी हे तुला ऐकवले. तू आधी रिक्षावाल्याला हळू घ्यायला सांगितलेस. मग म्हणालीस, “माले पानी कोन्हाकडे मांगनं पडाले नको. तोच दर्जा.” यापेक्षा नेमकी व्याख्या मी कुठल्या अधिनियमात वाचलेली नाही.

तू पुन्हा स्वतःची वेणी स्वतः घालू लागलीस. पोळी पूर्ण खाऊ लागलीस. एकदा बागेत माझ्यापुढे निघून गेलीस आणि वळून म्हणालीस, “मागे राहिलात!” त्या दिवशी मी इतका आनंदलो, की पालिकेला बागेतल्या बाकांबद्दल आभाराचे पत्र लिहिले. माझ्या नावावर तेवढे एकच आभारपत्र आहे.

मग आषाढात तो प्रसंग झाला. आपली कानबाई थोरल्या घरी, दादांकडे बसते. दोन गल्ल्या पलीकडे. रोटाचे गहू निवडायला तू गेलीस आणि फार लवकर परत आलीस. मी विचारून विचारून काढून घेतले. द्वारकावहिनींनी तुझ्या हातातले सूप काढून घेतले होते. म्हणाल्या होत्या, “मंगला, यंदा तू दूरथून हात जोड. ती पिशवी... देवीले चालाव नही.” सगळ्या जावा तिथे होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

मी टेबलाशी बसलो. थोरल्या वहिनी आईच्या जागी असतात, हे मला सांगायला नको होते. मी सोळाव्या वर्षापर्यंत त्यांच्या हातचे जेवलो आहे. पण ज्या बाईने महिनोन् महिने एकेक उंबरठा पायाखाली घालून देवीचा रस्ता जवळ आणला, तिला रोगाच्या कारणाने दूर उभे करण्याचा अधिकार कोणालाही नाही. हे मी लिहिले. सविस्तर लिहिले. आणि रजिस्टर पोस्टाने पाठवले, कारण हातोहात दिलेली नोटीस मिळाली नाही म्हणता येते.

दोन गल्ल्यांसाठी पोस्टमन सायकलवरून आला. सगळ्या कतारगामला कळले. दादा बनियनवर धावत आपल्या दारात. “अरे आप्पा, घरना मानूसले नोटीस? तुले काही लाज?” मी सांगितले, की उत्तराची मुदत आत नमूद आहे. वहिनींना वाचता येत नाही. सुनेने वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि एवढेच विचारले म्हणे, “हाई मंगलानी सांगं का?” सून म्हणाली, नाही. त्यांनी तो कागद घडी करून गव्हाच्या कोठीखाली सरकवला.

तू माझ्याशी दोन दिवस अबोला धरलास. मग तोंड उघडलेस ते असे: “तुमना कायदाले पाय शेतस का?”

मी म्हणालो, “कायद्याची अंमलबजावणी होते.”

“मंग त्यालेच सांगा, मनासंगे फुगडी खेळ म्हनीसन.”

मी हसलो नाही. तूही नाही. तू म्हणालीस, नोटिशीने जागा मिळेल, पण फुगडीला समोरचीने हात द्यावे लागतात, ते कुठल्या कलमाने मिळणार? मी म्हणालो, आधी जागा, मग हात. तू म्हणालीस, आधी हात. नोटीस मागे घ्या. मी म्हणालो, पूर्तता झाल्याशिवाय घेणार नाही. हा आपला दुसरा अनिर्णित वाद, आणि हा आजही उभा आहे. माझी बाजू चुकीची होती असे मला अजूनही वाटत नाही. ज्यांना वाटते ते ‘सुटली बिचारी’ म्हणणाऱ्यांतले आहेत.

तरीही सोमवारी तू निघालीस. हिरवी साडी, केसांत गजरा, कमरेला तो रुंद पट्टा आवळून. रविवारच्या रोटाला आपण दोघेही गेलो नव्हतो. “कुनी बलावं का नही, रस्ता तर सरकारना शे ना?” असे म्हणालीस. हा युक्तिवाद माझा होता, तू माझाच माझ्यावर वापरलास. बायकांच्या घोळक्याच्या अगदी शेवटी, कोणाला न भिडता, तू चालत होतीस. मी पुरुषांबरोबर पुढे. परवानगीचा कागद माझ्या खिशात होता, कारण दर वर्षी पोलिसांकडून परवानगी मीच काढतो. संबळ, ढोल, मधूनच पावसाची सर, मधूनच ऊन. मी पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत होतो आणि प्रत्येक वेळी हिरवी साडी दिसत होती.

नदी जवळ आली असता, त्या शेवटच्या वळणावर, मिरवणूक थांबली. का थांबली हे मला कळले नाही. कोणीतरी म्हणाले, बायका पाणी पिताहेत. मागे गाड्यांची रांग लागली. वाहतुकीचा हवालदार आला. “काका, चलो, आगे लो, रास्ता जाम है.” मी खिशातून कागद काढला. त्याला सांगितले, की अटींमध्ये डाव्या बाजूने चालावे असे आहे, मध्ये थांबू नये असे कुठेही नाही. तो म्हणाला, ते अर्थातच आहे. मी म्हणालो, ‘अर्थातच’ नावाचे कलम मला दाखवा. हॉर्न वाजत होते, ढोल वाजत होते, आम्ही दोघे ओरडून बोलत होतो. शेवटी तो हसला. “ठीक छे काका, पाँच मिनिट.” मिरवणूक पुढे सरकली. मी जिंकलो होतो.

तू तापीपर्यंत पोचलीस. पायी. घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याकाठी उभी राहिलीस आणि बराच वेळ हात जोडून होतीस. मी लांबून पाहिले. मला वाटले, एवढेच मागितले होते, एवढे मिळाले.

घरी आल्यावर मी तुला हवालदाराची हकीकत सांगितली. तू पाय उशीवर ठेवून पडली होतीस. “मंग?” म्हणालीस. मी ‘अर्थातच’चे कलम सांगितले. “मंग तो काय बोलना?” पुन्हा सांगितले. तू मला ती हकीकत पहिल्यापासून सांगायला लावलीस आणि हसत राहिलीस. तुझ्या केसांत तांदळाचे दाणे अडकले होते. मी म्हणालो, केस विंचर, काहीतरी सांडले आहे. तू हात लावून पाहिलेस, आणि विंचरले नाहीस.

दिवाळीनंतर रोग यकृतात दिसला. पुढचे सारे मी थोडक्यात लिहितो, कारण याला हरकत कोणाकडे नोंदवायची ते मला ठाऊक नाही. तू ज्या क्रमाने बाहेर पडली होतीस, त्याच क्रमाने परत येऊ लागलीस. आधी नदीचा रस्ता सुटला. मग बाग. मग भाजीबाजार. कारागिरांच्या गल्लीत काही दिवस तू अर्ध्यापर्यंत जायचीस, चहाच्या टपरीच्या बाकावर बसायचीस, परत यायचीस. मग फाटक. मग गॅलरी, माझ्या खांद्यावर हात ठेवून. शेजारच्या बाई आता ‘आराम करो’ म्हणत नव्हत्या. त्या नुसत्या उभ्या राहत आणि तू बसलीस, की आत निघून जात.

डॉक्टरांनी आणखी एका औषधाचा पर्याय ठेवला. थोडे दिवस वाढतील, पण खाटेवरून उठता येईल असे वाटत नाही, असे म्हणाले. तू विचारलेस, “आनि नही लिधं तर?” मग थोडे दिवस कमी, पण कदाचित उठता येईल. मी लेखी मत मागणार होतो. तू माझ्या हातावर हात ठेवलास. मी मागितले नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी लेखी मागितली नाही.

अगदी शेवटी तुला पलंग सोडवत नव्हता. पण चादरीखाली तुझे पाय चालू असत. पंजे वर, पंजे खाली. त्या मुलीने पहिल्या दिवशी शिकवले होते तसे. मी समोर बसून वर्तमानपत्र धरलेले असे आणि पानाच्या वरून ती चादर पाहत असे. हालायची, थांबायची, पुन्हा हालायची. डोळे मिटलेले, आणि पाय कुठेतरी निघालेले. मी विचारले होते, “कुठवर आलीस?” डोळे न उघडता म्हणालीस, “बाजार गया.” म्हणजे बाजार मागे पडला.

मग एका सकाळी हेमा चहा घेऊन आली, आणि चादर स्थिर होती.

आम्ही तुला नदीकाठच्या स्मशानात नेले ते त्याच रस्त्याने. शववाहिनी आली होती. दादांनी परत पाठवली. “ती पायी गयी व्हती,” एवढेच म्हणाले. दादांनी मला न विचारता घेतलेला तो पहिला निर्णय, ज्यावर माझी हरकत नाही. त्या शेवटच्या वळणावर खांदा बदलण्यासाठी आम्ही तुला क्षणभर थांबवले. मी खाली पाहत होतो. त्या जागेविषयी मला काहीही ठाऊक नव्हते.

तेराव्यानंतर एका दुपारी द्वारकावहिनी आल्या. एकट्या. सतरंजीवर बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमनी नोटीसनं उत्तर देवाले उनू.”

मी म्हणालो, “मुदत कधीच संपली, वहिनी.”

“माहीत शे,” त्या म्हणाल्या. “तरी आयका.”

त्यांनी अहिराणीत जे सांगितले ते मी साक्ष नोंदवावी तसे माझ्या भाषेत उतरवतो. काही वगळत नाही.

वळणाच्या थोडे अलीकडे मागून तुझा आवाज आला, की वहिनी, मला कोणाच्या घरात न्या. पट्टा ओला झाला होता. पिशवी एका कडेने सुटली होती. बाकीच्या जावा एकमेकींकडे पाहत राहिल्या. वहिनी मागे आल्या, तुला दंडाला धरले आणि रस्त्यालगतच्या एका ओळखीच्या घरात नेले. त्या घरी न्हाणीला दार नव्हते, पडदा होता, तोही अपुरा. म्हणून वहिनींनी आपल्या पदराचा आडोसा धरला आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. तुझी बोटे बधिर. नवी पिशवी नीट बसेना. तू म्हणालीस, “वहिनी, जरा धरा.” मग त्यांना वळावेच लागले. त्यांनी ते प्रथमच पाहिले. तुझ्या पोटावरचे ते लाल, ओले, लहानसे तोंड.

“माले वाटे, काय भयान व्हई,” वहिनी म्हणाल्या. “आनि ते तर बाळना तोंडनामायक. दूध पिऊन झोपेल बाळना.”

त्यांनी स्वतःच्या हाताने पुसले. पिशवी धरली. पट्टा आवळला. बाहेर आल्या, हात धुतले, जिच्या डोक्यावर कानबाई होती तिला थांबवले, आणि पाट उचलून तुझ्या डोक्यावर ठेवला. तू म्हणालीस, डॉक्टरांनी वजन उचलू नको सांगितले आहे. वहिनी म्हणाल्या, “वजन मी धरस. तू चाल.” त्या तुझ्यामागे दोन्ही हातांनी पाटाचा भार घेऊन चालल्या आणि तू खाली, मान ताठ, कानबाई घेऊन. पाटावरचे तांदूळ तुझ्या केसांत सांडत होते.

“इतला येळ कसा भेटना तुमले?” मी विचारले. माझा आवाज मला ओळखू आला नाही. कित्येक वर्षांनी मी घरची भाषा बोललो होतो.

“तुम्ही तठे भांडी राहिंतात ना,” वहिनी म्हणाल्या. “म्हनीसन तर भेटना.”

मग त्यांनी पुन्हा पदर नीट केला. मला वाटले, उत्तर संपले. मी पाणी मागवणार होतो. त्या म्हणाल्या, “तिनी तुमले हाक मारी व्हती, भाऊ. पाट डोकावर ठेवताच. आयकतस का, म्हने. दोनदाव.”

मी म्हणालो, ढोल होते, ऐकू आले नसेल.

“आयकं तुम्ही,” वहिनी म्हणाल्या. “हात वर करा ना.”

मी हात वर केला होता: तुझ्या हकिकतीतला एवढा भाग, मंगला, मी तपासून पाहिला आहे. नाकारता येत नाही. हवालदाराशी बोलताना माझा उजवा हात कागदावर होता. डावा कुठे होता, ते मला आता स्पष्ट आठवते.

वहिनी तुझ्या शेजारीच होत्या. त्या मला बोलवायला निघाल्या, तेव्हा तू त्यांना अडवलेस म्हणे. “राहू द्या. भांडू द्या त्यासले. मनासाठीच भांडी राहिनात.” आणि वळण ओलांडून झाल्यावर कानबाई पुढच्या जावेच्या डोक्यावर दिलीस.

निघताना वहिनींनी कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. माझीच नोटीस. कोठीखाली राहून तिला गव्हाचा वास लागला आहे. “पूर्तता झायी,” म्हणाल्या. हा शब्द त्यांनी सुनेकडून शिकून घेतला असावा. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. मग मात्र त्या ज्या रडल्या, त्यावर मला काही लिहिता येत नाही.

तेव्हा आपला दुसरा वाद निकाली निघाला असे समज. नोटीस मागे घेतो. निकाल तुझ्या बाजूने: आधी हात. डॉक्टरांविरुद्धचा मसुदा मात्र मी फाडलेला नाही, आणि त्याबद्दल तुझे काही ऐकणार नाही. तुझ्यासारखी संकोचून बसलेली दुसरी एखादी बाई या क्षणी त्याच बाकावर बसलेली असेल.

पण एक प्रश्न राहतो, आणि तो तुलाच आहे. त्या संध्याकाळी तू मला हकीकत दोनदा सांगायला लावलीस. तुला ती सारी ठाऊक होती. मी मिळवलेला तो थोडासा वेळ कशासाठी होता, हे ठाऊक असून तू माझ्या तोंडून ऐकत राहिलीस आणि हसत राहिलीस, आणि केस विंचरले नाहीस. सांगितले का नाहीस? पुढे कितीतरी महिने होते. भिंतीला बोट लावून चालताना सांगता आले असते. गॅलरीत सांगता आले असते. की सांगितले असतेस, तर मी त्याचाही विजय करून टाकला असता, म्हणून? की तू रोज सांगायला आलीस, आणि रोज एक हात वर होता?

याचे उत्तर मला मिळणार नाही. मी ते मागतही नाही. फक्त नोंद असावी.

सकाळी मी आता चालतो. थैली घेत नाही, छत्री घेतो. फाटक, कारागिरांची गल्ली, भाजीबाजार, बाग, नदीचा रस्ता. त्या वळणावर पोचलो, की थांबतो. जिथे हवालदार उभा होता तिथे उभा राहतो, पण नदीकडे पाठ करून, तू जिकडून आली असशील तिकडे तोंड करून. गाड्या हॉर्न वाजवतात. कोणीतरी ओरडते, “काका, साइड!” मी हलत नाही.

दोन्ही हात खाली असतात, मंगला.